पेटीवरचं कुंकू

दसऱ्याच्या सकाळी पंडितमामांनी मशीन झोपवली.

बंद केली, असं ते कधी म्हणत नसत. सुरतेजवळ इच्छापोरच्या त्या साडी कारखान्यात मागांच्या शेडला लागून डिझाइनची खोली होती आणि खोलीच्या कोपऱ्यात, एसीच्या खाली, एक करडी लोखंडी पेटी. पेटीत जुन्या डिस्का. डिस्कांत कारखाना सुरू झाल्यापासूनच्या साऱ्या किनारी : कुयऱ्या, वेली, मोर, मोरांच्या चोचीतले दाणे. पेटीशेजारी जाड केबलनं जोडलेला एक कॉम्प्युटर, गाईजवळ वासरू बांधावं तसा. त्याच्यासमोरच्या खुर्चीत मामा बसत, हवी ती किनार शोधत आणि मागाला पाठवत. वर्षभर पेटी जागी, कॉम्प्युटर जागा. दसऱ्याचा एक दिवस मात्र दोघांना झोप. ज्या हत्याराची पूजा केली त्याला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही मामांच्या घरची रीत. मग तो विळा असो, सुई असो, नाहीतर परेशभाई शेठची डिझाइनची पेटी.

मामांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. झेंडूची माळ घातली. ओल्या बोटानं डबीतलं कुंकू घेतलं आणि पेटीच्या पुढच्या जाळीला लागून टेकवलं. पेटीचं कपाळ तिथंच असतं, असं त्यांना वाटायचं. मग मेन स्विच खाली पाडला आणि पुटपुटले, "नीज माय. आज तुले सुट्टी."

माग थांबले होते. एसी थांबला. खोलीत फक्त उदबत्ती चालू होती.

डिझाइनच्या मुलींमध्ये मागं मयुरी उभी होती. कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर तीच सांभाळायची. मामांनी खोबऱ्याचा तुकडा तिच्यापुढं धरला.

"प्रसाद, मयुरीबेन."

'बेन' म्हणताना ते जरासे हसले. कुणाला कळणार नाही इतकं. मयुरीला कळलं आणि तिनं नजर खोबऱ्यावर ठेवली.

कारण कोसाडच्या वसाहतीत हेच मामा तिला 'पोरी' म्हणत. तिच्या आईच्या, धुरपदाबाईच्या गावचे ते. सख्खे नव्हते, पण राखी बांधून घेणारे. समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहणारे. शेठकडं मयुरीचं नाव त्यांनीच टाकलं होतं, तेही बेतानं, 'आमच्या एरियातली शिकलेली मुलगी आहे,' एवढंच बोलून. मयुरी अमरोलीच्या गुजराती शाळेत शिकलेली, बोलायची अगदी तिथल्यासारखी. डिझाइनच्या मुलींनी पहिल्याच दिवशी तिला आपल्यात धरलं आणि मागवाल्यांकडं मान उडवून म्हटलं, "आ बधा खानदेसी. सुट्टीला गेले की येतच नाहीत." मयुरी त्यांच्याबरोबर हसली. त्या संध्याकाळी कंपनीच्या गाडीतून उतरल्यावर तिनं मामांना गाठलं.

"मामा, तठे माले मयुरीबेन म्हना."

मामांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं. वाईट वाटल्याचं दाखवलं नाही. "बरं. मोठी साहेबीन व्हयनी तू. तसंच म्हनसू," म्हणाले, आणि त्या दिवसापासून चुकूनही चुकले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी पेटीला नमस्कार केला, मेन स्विच वर केला. दिवे लागले. कॉम्प्युटर उठला. त्याला पेटी काही दिसेना. पडद्यावर आलं : जुन्या डिस्का सापडल्या नाहीत.

मामांनी मेन पाडला, पुन्हा वर केला. नाही. मागांवरचा मुकादम, सुकलाल जॉबर आला, त्यानं पाडला, वर केला. नाही. शेडमधले माग सुरू झाले होते, तो सगळा दणदणाट खोलीत शिरून भिंतींना धडकत होता, आणि त्यात परेशभाई शेठ आले.

"शुं थयुं?"

सगळ्यांची नजर एकाच जागी. करड्या पत्र्यावर, जाळीला लागून, लालभडक कुंकू. त्याचा एक ओघळ जाळीच्या फटीपर्यंत आलेला.

दिवाळीच्या साड्यांना जुनी किनार हवी होती. व्यापाऱ्याला नमुना दाखवून झाला होता. ती किनार या पेटीत होती आणि पेटीबाहेर कुठंच नव्हती. दुसरी प्रत करून ठेवायची गोष्ट दर दिवाळीनंतर निघायची आणि लग्नसराईत विरून जायची.

"मयुरीबेन," शेठ म्हणाले, "तमे जुओ."

मयुरी खाली बसली. तिनंही मेन पाडला आणि वर केला, कारण सगळे तेच करत होते. पडद्यावर तेच उत्तर आलं. तिनं जाळीच्या फटीत डोकावून पाहिलं. आत अंधार होता. पाणी दिसलं नाही, कोरडंही दिसलं नाही. काहीच दिसलं नाही. मागं शेठ उभे होते, मुली उभ्या होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं.

"पाणी गयुं लागे छे," ती म्हणाली.

चारच शब्द. पण ते तिचे होते, कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाचे. सुकलालनं तेच म्हटलं असतं तर शेठनी त्याला उडवून लावलं असतं. मयुरीनं म्हटलं आणि ते खरं झालं.

मामांनी स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. बोटाच्या पेराला अजून लाली होती.

"शेठ, मेरे हात से उडा होगा," ते म्हणाले. "नारळ फोडला तेव्हा हात ओला होता. पुसायचा राहिला असेल."

"दर साल पूजा, दर साल पूजा!" शेठ ओरडले. "ये मशीन है, मंदिर नहीं! पंडितभाई, आजथी फोल्डिंगमां बसा, साड्यांच्या घड्या घाला. या खोलीत तुमचा हात लागला नाही पाहिजे."

मामांनी मान हलवली. खिशातला रुमाल काढला, ओला करून आणला, गुडघ्यावर बसले आणि पेटीवरचं कुंकू पुसू लागले. जुनं कुंकू होतं, वर्षावर्षांचं, एकावर एक बसलेलं. ते लवकर निघेना. मामा घासत राहिले. मयुरी तिथंच उभी होती. तिला जाता येईना आणि वाकून रुमाल हातात घेताही येईना.

दर वर्षी मामा मशीन झोपवत होते आणि दर वर्षी ती उठत होती. मग या वर्षी काय निराळं झालं? हे कुणीच विचारलं नाही. उत्तर समोर लाल दिसत असताना प्रश्न कोण विचारतो?

*

कोसाडच्या घरी संध्याकाळी धुरपदाबाई साड्यांचे धागे कापत बसलेली असायची. घरपोच गठ्ठा यायचा, विणकामातून लोंबणारे धागे कात्रीनं छाटायचे, घडी करून परत द्यायची. हात चालत आणि हातांबरोबर गळा. गावाकडं जात्यावर म्हटलेल्या ओव्या आता साडीवर म्हणायची. जातं सुटलं, ओवी सुटली नव्हती.

त्या संध्याकाळी मामा आले आणि दारातच बसले. आत ये म्हटलं तरी आले नाहीत.

"अक्का, शेठनी पेटी मी मारी टाकी," ते म्हणाले.

आत मयुरी भात लावत होती.

"कसाले असं बोलस?" धुरपदाबाई म्हणाली. "पेटी काय कोंबडी शे मराले?"

"मरनी ना पन. सगळा मोर मरी गयात, अक्का. माना हातना मोर व्हतात त्या. कारड टोचीटोची करेल." कॉम्प्युटर यायच्या आधी मामा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून डिझाइन करायचे. त्याच किनारी पुढं पेटीत गेल्या होत्या. "आते फोल्डिंगमा बठस. बरं शे तठे. पंखा शे."

पंखा आहे असं ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मयुरीला आतपर्यंत ऐकू आला. भाताचं पाणी उतू गेलं, गॅस विझला, तरी ती तशीच उभी.

मामा गेल्यावर आईनं विचारलं, "तू तठेच व्हती ना? तू काय सांगं शेठले?"

"दिसलं ते सांगितलं," मयुरी म्हणाली. मराठीत म्हणाली. घरात ती अहिराणीच बोलायची, मराठी कधी पाहुण्यांशी, कधी शाळेतल्या बाईंशी. आईनं कात्री थांबवून एकदा वर पाहिलं. मग पुन्हा धागे, पुन्हा ओवी :

थांब थांब रे पाव्हना, लाकूड वलं चुलामाई
धूर उठे, डोया पाझरे, मंग पेटे चूल बाई.

*

डिस्कांतून माहिती काढून देणारा एक माणूस कुणीतरी शेठना सुचवला. मयुरीनं त्याला फोन लावला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "चालू केल्यावर डिस्कांचा आवाज येतो का? फिरतात का त्या?"

मयुरी फोन कानाला लावून पेटीपाशी गेली. शेडमध्ये माग चालू असताना त्या खोलीत माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही.

शुक्रवारी दुपारी लाइन गेली. माग एकदम थांबले. इतकी शांतता झाली की शेडच्या पत्र्यावर चालणारं कबुतर ऐकू आलं. डिझाइनची खोली बॅटरीवर होती. मयुरीनं पेटी आणि कॉम्प्युटर दोन्ही एकदम सुरू केले आणि पेटीच्या जाळीला कान लावला.

आधी काहीच नाही. पडद्यावर अक्षरं सरसर खाली सरकली. जुन्या डिस्का सापडल्या नाहीत.

आणि मग, सगळं आटोपल्यावर, पेटीत कुणीतरी उसासा टाकला. अगदी बारीक घरघर. जड, अडखळती, जात्याच्या पहिल्या फेऱ्यासारखी. मग दुसरा फेरा, मग तिसरा, सूर चढत गेला, एकसारखा झाला, आणि पेटी गाऊ लागली.

डिस्का जिवंत होत्या. उशिरा उठत होत्या एवढंच. कॉम्प्युटर त्यांना हाक मारून, उत्तराची वाट न बघता, पुढं निघून जात होता.

मयुरीनं कान काढला नाही. जाळीचा पत्रा गालाला गार लागत होता आणि अंगातून मात्र ऊन चढत होतं, पायांपासून वर, कानांपर्यंत. कारण कॉम्प्युटरला वाट बघायची नाही हे कुणी शिकवलं ते तिला आठवलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला तिनं त्या कॉम्प्युटरचं कर्नल नव्यानं बांधलं होतं. कर्नल म्हणजे आतला कारभारी. कोणतं यंत्र ओळखायचं, कुणाशी कसं बोलायचं, हे तो ठरवतो. नव्या मागांशी जुन्या कारभाऱ्याचं जमेना म्हणून नवा बांधायला घेतला होता. बांधताना तो शेकडो प्रश्न विचारतो : हा ड्रायव्हर हवा? हो, नाही, की लागेल तेव्हा? ती एकेक उत्तर देत चालली होती. पेटी आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक जुनं कार्ड होतं, डिस्कांचा कंट्रोलर. त्याच्या ड्रायव्हरखाली थोडे पर्याय होते. डिस्कांपुढं एका वेळी किती कामं रांगेत ठेवायची, तो एक. आणि सुरुवातीला सगळ्या डिस्कांना एकदा हलवून जागं केलं की त्यांच्या उत्तरासाठी किती थांबायचं, हा दुसरा. तिथं आधीपासून पंधरा सेकंद लिहिलेले होते. खाली बारीक अक्षरात सूचना : काही जुन्या डिस्कांना उठायला वेळ लागतो, नीट माहीत असल्याशिवाय हा आकडा कमी करू नये.

तिनं ती सूचना वाचली होती. वाचली नव्हती असं म्हणायलाही जागा नव्हती.

पण पाठीशी शेठ उभे होते. "मयुरीबेन, केटली वार? एवढ्यात माझा फोन दोनदा चालू होतो." मुली हसल्या होत्या. आणि मयुरीनं पंधरा सेकंद खोडून अर्धा सेकंद लिहिला. मग फक्त कॉम्प्युटर बंद-चालू करून दाखवला. पेटी तेव्हा चालूच होती, डिस्का गरगर फिरत होत्या, हाक मारताच त्यांनी ओ दिली. शेठ खूश. "जोयुं? जादू!" म्हणाले.

त्यानंतर पेटी पूर्ण बंद झाली ती दसऱ्यालाच. आणि नंतर ज्यानं त्यानं मेनच पाडला, म्हणजे दर वेळी डिस्का पुन्हा गाढ झोपवल्या आणि अर्ध्या सेकंदात उठा म्हटलं.

लाइन आली. शेडमध्ये माग सुरू झाले. पेटीचं गाणं त्या आवाजात बुडालं. काचेतून फोल्डिंगचं टेबल दिसत होतं. मामा साडीची घडी घालत होते. दोन्ही हात कामात, पण मध्येच उजवा हात पँटच्या खिशात जायचा, जणू तो कुणाच्या डोळ्यांवर यायला नको.

*

तिनं आकडा परत पंधरा सेकंद केला. कर्नल पुन्हा बांधलं. पेटी सापडली, मोर सापडले. सगळ्या डिझाइनची प्रत नव्या डिस्कवर उतरवायला लावली आणि मगच शेठना सांगितलं.

इथपर्यंत ती स्वतःला म्हणत होती, आधी काम होऊ दे, मग बोलते.

शेठ धावत आले. "केवी रीते? कसं केलंत?"

"एक सेटिंग होती," मयुरी म्हणाली.

हे खोटं नव्हतं. तेच वाईट होतं. सुकलाल मागून म्हणाला, "चार दिवस एसीत होती ना पेटी. सुकलं असेल पाणी." सगळ्यांनी माना डोलावल्या. पाणी गेलं होतं, पाणी सुकलं, उरलेलं मयुरीबेननं सावरलं. गोष्ट पूर्ण झाली आणि तिच्यात मयुरीचा दोष ठेवायला जागाच उरली नाही. तिला फक्त गप्प बसायचं होतं. ती गप्प बसली. दारावर कागद चिकटवला गेला : अंदर पूजा करना मना है.

घरी जाताना कंपनीच्या गाडीत मामा पुढच्या सीटवर होते. उतरताना तिच्याजवळ थांबले. आजूबाजूला कामगार होते म्हणून जपून म्हणाले, "मयुरीबेन, बहु सारुं कर्युं तमे. माझं पाप धुतलंत."

मामा समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यात दिसेनासे होईपर्यंत मयुरी फुटपाथवर उभी होती. हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून हाक मारावी तेच सुचेना.

*

चांदी पडव्याला सुरतेत घरोघरी मावा भरलेली, तुपात घोळलेली घारी खातात. कोजागिरीनंतरचा दिवस. परेशभाईंनी कारखान्यात घारीची खोकी आणली. डिझाइनच्या खोलीपुढं टेबल मांडलं. तुपाचा वास मागांच्या तेलाच्या वासावर तरंगू लागला. सगळे जमले : डिझाइनच्या मुली, सुकलाल, फोल्डिंगवाले. मामा सगळ्यांच्या मागं.

"पहली घारी मयुरीबेनने!" शेठ म्हणाले. "दिवाळी वाचवली आमची." आणि मामांकडं पाहून, हसत, "पंडितभाई, तुम्ही पण टाळी वाजवा. तमारुं करेलुं एमणे सुधार्युं."

मामांनी टाळी वाजवली. मनापासून वाजवली. सगळ्यांच्या आधी सुरू केली आणि सगळ्यांच्या नंतर थांबवली.

शेठच्या हातातली घारी मयुरीच्या तोंडापाशी आली होती.

"मामा," ती म्हणाली.

आवाज लहान होता, पण टाळ्या थांबल्या होत्या. "मामा, चूक मन्ही शे. तुमनी नही."

अहिराणी बोल त्या खोलीपुढं कधी पडले नव्हते असं नाही. मागवाले रोज बोलायचे. मयुरीबेनच्या तोंडून ते पहिल्यांदाच पडले. एका मुलीनं दुसरीकडं पाहिलं.

मग मयुरीनं शेठना गुजरातीत सगळं सांगितलं. आखाजीच्या वेळचा आकडा, पंधरा सेकंद, अर्धा सेकंद. पाणी गेलंच नव्हतं. कुंकवानं काही झालं नव्हतं.

शेठनी घारी खोक्यात परत ठेवली. ऐकून घेतलं. आणि मग त्यांनी विचारलं ते निराळंच.

"पंडित तारो मामो थाय?"

"हो."

"हं." शेठ हळूहळू हसले. "हवे समज्यो."

मयुरीला आधी उमगलं नाही. मग डिझाइनच्या मुलींच्या चेहऱ्यांवर तेच हसू पसरताना दिसलं आणि उमगलं. मामाला खुर्चीवर परत बसवायला भाची खोटं बोलतेय. इतके दिवस नातं लपवलं ते याच्यासाठीच. शेठ तिला रागावलेही नव्हते. उलट कौतुकानंच बघत होते.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मामांनाही तेच वाटलं.

"शेठ, लहान आहे ती," मामा पुढं येऊन हात जोडत म्हणाले. "माझ्यावर जीव आहे तिचा, म्हणून बोलते. तिचं ऐकू नका. पाणी मीच उडवलं. मी पाहिलं ना ओघळ." आणि मयुरीकडं वळून दबक्या आवाजात, घाईघाईनं, "बस कर. नोकरी जाई तुन्ही. मी शे तठे बरा शे. पंखा शे तठे."

खरं बोलली आणि ते खोटं ठरलं. 'पाणी गयुं लागे छे' म्हणाली तेव्हा सगळ्यांना पटलं होतं. मयुरीला वाटलं, ही शिक्षा बरोबर मापाची आहे. कुणी बसून शिवली असती तरी इतकी नेमकी बसली नसती.

"मी दाखवते," ती म्हणाली. "कॉम्प्युटरमध्ये दोन्ही कर्नल आहेत. सुरू होताना कुठलं घ्यायचं ते विचारतो. डिझाइनची प्रत काढून झाली आहे, शेठ. काही गेलं तरी काही जाणार नाही. पाच मिनिटं द्या."

"दिवाळीच्या तोंडावर?"

"पाच मिनिटं."

शेठनी घड्याळ पाहिलं, घारीकडं पाहिलं. "करो."

सगळे दारात दाटले. मयुरीनं मामांना आत बोलावलं. ते उंबऱ्यापाशी अडले. दारावरचा कागद त्यांच्या खांद्याला लागत होता. ती परत गेली, त्यांच्या मनगटाला धरून त्यांना आत आणलं. एवढ्या वर्षांत तिनं घराबाहेर त्यांचा हात धरला नव्हता.

"मामा, मेन पाडा."

"मी नही पाडस."

"पाडा ना मामा."

त्यांनी डोळे मिटून पाडला. थोडं थांबून, तिनं सांगितल्यावर, वर केला. मयुरीनं आखाजीचं कर्नल निवडलं. पेटी पुसलेली, कोरडी, कुंकवाचा कण नाही. पडद्यावर आलं : जुन्या डिस्का सापडल्या नाहीत.

"आता पुन्हा पाडा."

या वेळी तिनं नवं निवडलं. अक्षरं सरकली आणि एका ओळीवर थांबली. काहीच हलेना. एक मुलगी म्हणाली, "अटकी गयुं." सुकलाल म्हणाला, "अरे, थांब." पंधरा सेकंद म्हणजे किती लांब असतात ते त्या खोलीत पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. शेठनी दोनदा पाय बदलला. मामांचे ओठ हलत होते. मयुरी पडद्याकडं बघत नव्हती, मामांकडं बघत होती.

मग ओळी आल्या, एकीखाली एक. पहिली डिस्क. दुसरी. तिसरी. मामांनी पुढं होऊन, कुणाला न विचारता, बोटानं एक फाइल उघडली. पडद्यावर मोर उभा राहिला, चोचीत दाणा घेऊन.

कुणी टाळी वाजवली नाही.

परेशभाई पडद्यापासून वळले. मग मयुरीला म्हणाले, या वेळी न हसता, "तो पछी पाणी केम कीधुं? पाणी का म्हणालात तेव्हा?"

याचं उत्तर कर्नलमध्ये नव्हतं, कंट्रोलरमध्ये नव्हतं, कुठल्याही बारीक अक्षरातल्या सूचनेत नव्हतं.

"मामांच्या हाताला कुंकू होतं," मयुरी म्हणाली. "माझ्या हाताला काही नव्हतं. म्हणून."

तिचा आवाज फुटला नाही. फुटला असता तर बरं झालं असतं, कुणीतरी 'जाऊ दे' म्हटलं असतं. शेठनी दारावरचा कागद ओढून काढला, चुरगळला, आणि 'पंडितभाई, किनार पाठवा, माग रिकामा उभा आहे,' एवढंच म्हणून निघून गेले. मुली गेल्या. त्यांच्यातली एकही तिच्याशी बोलली नाही. घारीची खोकी टेबलावर तशीच राहिली.

मामा आपल्या खुर्चीपाशी आले. बसण्याआधी रुमालानं खुर्ची पुसली. खण उघडला. आत हळद-कुंकवाची डबी होती, त्यांनी ती पाहिली, आणि खण परत लावला. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसते थकलेले. किनार शोधायला लागले.

मयुरीनं खण उघडला. डबी काढली. तिला हे येत नव्हतं, घरी सगळं आईच करायची. कोरड्या बोटानं कुंकू घेतलं आणि पेटीच्या जाळीला लागून, पूर्वी होतं तिथंच, टेकवायला गेली. कुंकू भुरभुरत खाली सांडलं.

मामांनी पडद्यावरून नजर काढली नाही.

"तठे नही, पोरी," ते म्हणाले, चांगलं मोठ्यानं, शेडमधल्या मागांच्या वर ऐकू जाईल असं. "वर लाव. जाळीमा जाई."